पलीकडे

गेल्या महिन्यात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेच्या निमित्ताने आम्ही दोन विद्यार्थ्यांना घेऊन मेट्रोने दिलसुखनगरला निघालो होतो. मलकपेठला गाडीत बसलो. न्यू मार्केट मागे पडले आणि पुढल्या स्थानकाचे नाव पुकारले गेले, "मुसारामबाग". दोघांपैकी धाकट्याने विचारले, "सर, हा मुसाराम कोण? त्याची बाग कुठे आहे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर लांबलचक होते. मुसाराम नावाचा कोणी मनुष्य मुळात नव्हताच. मिशेल जोआकिम मारी रेमों हा फ्रेंच सेनानी दुसऱ्या निजामाच्या, म्हणजे निजाम अली खानाच्या, चाकरीत होता. त्याने फ्रेंच पद्धतीच्या पलटणी उभ्या केल्या, तोफा ओतण्याचा कारखाना काढला. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत तो मराठ्यांच्या समोर उभा होता. २५ मार्च १७९८ रोजी तो वारला आणि मलकपेठच्या पलीकडील टेकडीवर त्याची कबर झाली. तेथे आजही एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. 'मोस्यो रेमों' हे नाव काही आपल्या लोकांच्या जिभेवर बसेना. मुसलमानांनी त्याला मुसा रहीम म्हटले, हिंदूंनी मुसाराम. दोघांनीही पिढ्यान् पिढ्या त्याच्या कबरीवर ऊद जाळला, नारळ ठेवले. आमच्या आजीनेही तेथे पणती लावल्याचे आम्हांला आठवते. हा मनुष्य खर्ड्याला आपल्या लोकांवर चालून गेला होता, हे तिला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते तरी तिने पणती विझवली असती असे वाटत नाही.

मुलाला आम्ही एवढेच सांगितले, "नाव नीट घेता आले नाही, तरी लोकांनी त्याला आपले मानले." हे सांगताना मात्र आमच्या मनात रेमों नव्हता. नाव न घेता आपले मानण्याचा दुसरा एक प्रकार आम्ही याच मलकपेठेत, आमच्या गल्लीत, अगदी जवळून पाहिला आहे. त्यातली दोन्ही माणसे आता नाहीत, आणि त्यांची घरेही नाहीत. तेव्हा नावे न सांगता ती हकीकत लिहिण्यास हरकत नसावी.

मलकपेठ त्या काळी शहरात असून शहराबाहेर होते. चादरघाटचा पूल ओलांडला की गावपण सुरू होई. एकीकडे १८८६ पासूनचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, दुसरीकडे लहानसे रेल्वे स्थानक, अधूनमधून कांद्याच्या गाड्या, आणि मधल्या गल्ल्यांतून मराठी, तेलुगू, उर्दू, कानडी अशी मिसळून गेलेली घरे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर आमच्या गल्लीतली घरे बांधली गेली, असे वडील सांगत. त्यांतली दोन घरे एका भिंतीला पाठ लावून उभी होती. भिंत सामाईक होती. स्वयंपाकघराच्या बाजूला त्या भिंतीत हातभर रुंदीचा एक झरोका ठेवलेला होता, त्याला दोन्हीकडून लाकडी झडपा होत्या. बांधणाऱ्यांनी तो विस्तवाची देवघेव करण्यासाठी ठेवला असावा. आगपेटी महाग होती त्या दिवसांत सकाळी कोणा एकाची चूल पेटली, की निखारा त्यातून पलीकडे जाई.

अलीकडच्या घरात माई राहत. १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या परभणीकडून लग्न होऊन या घरी आल्या. यजमान निजाम स्टेट रेल्वेत नोकरीला होते. पलीकडच्या घरात अण्णा, त्यांची आई आणि पत्नी. अण्णा सरकारी हिशेब कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, बोलणे मोजके. १९४४ साली पहिल्याच बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, मूलही राहिले नाही. त्या वेळी अण्णा सव्वीस वर्षांचे होते. आईने पुष्कळ सांगितले, स्थळेही आली, पण त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

पत्नीसाठी त्यांनी एका मासिकाची वर्गणी भरलेली होती. १९३० साली किर्लोस्करांनी सुरू केलेले 'स्त्री' मासिक ते. महाराष्ट्राबाहेरच्या किती मराठी घरांत त्या एका मासिकाने लिहिणे-वाचणे जिवंत ठेवले, हे आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नकोच. पत्नी गेल्यावर अण्णांनी ती वर्गणी बंद केली नाही. अंक येई तो टपालाच्या वेष्टनासह, न फोडता, झरोक्यातून अलीकडे जाई. माई तो वाचीत आणि आठ-दहा दिवसांनी परत ठेवीत. मग अण्णा तो वाचीत. प्रथम यात कोणालाच काही विशेष वाटले नाही. माईंचे यजमान हयात होते, अण्णांची आई हयात होती. शेजारधर्माला धरूनच सारे चालले होते.

रझाकारांच्या दिवसांत मलकपेठची कित्येक कुटुंबे सोलापूरकडे निघून गेली. माईंच्या यजमानांना रेल्वेची नोकरी सोडता येईना. रात्र-रात्र त्यांना कामावर राहावे लागे. १९४८ च्या पावसाळ्यात अण्णा रोज रात्री दोन्ही घरांच्या मधल्या ओट्यावर कंदील घेऊन बसत. समोरच्या घरातील मुसलमान वकीलसाहेबही येऊन बसत. दोघे मिळून पहाटेपर्यंत उर्दू वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. घरात जागी असलेली बाई एकटी नाही, हे तिला कळावे एवढाच त्यातला हेतू, असे आमचे वडील म्हणत. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाच दिवसांत सारे संपले. त्यानंतर ओट्यावरचे वाचन थांबले. कंदील मात्र बरीच वर्षे खुंटीला होता.

१९५३ मध्ये माईंचे यजमान आजारपणात गेले. मुलगे नऊ आणि सहा वर्षांचे. तुटपुंजी रक्कम हाती आली. माईंनी पापड, सांडगे, मेतकूट आणि दिवाळीची भाजणी करून विकली, शेजारच्या मुलींना शिवण शिकवले आणि मुलांना वाढवले. अण्णांनी त्यांना पैसे दिल्याचे कोणी कधी पाहिले नाही. दोन्ही मुलांचे गणित आणि इंग्रजी मात्र ते रोज संध्याकाळी ओट्यावर, सर्वांच्या देखत, शिकवीत.

आता या हकीकतीतील सर्वांत मोठी गोष्ट, जी आम्हांला पुष्कळ उशिरा कळली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसुरात, तेलंगण आंध्रात. त्याबरोबर कचेऱ्यांचीही वाटणी झाली आणि मराठी नोकरवर्गातील कितीतरी मंडळी मुंबई राज्याकडे गेली. अण्णांचे दोघे भाऊ औरंगाबादला गेले, आईलाही घेऊन गेले. अण्णांनाही जाता आले असते. तेथे बढतीची आशा होती, आपली माणसे होती, आपली भाषा होती. ते गेले नाहीत. कोणी विचारले तर म्हणत, "इथली हवा मानवली आहे." ज्यांना दर हिवाळ्यात दम्याने झोप लागत नसे, त्यांचे हे उत्तर! पुढे कचेरीत तेलुगूचे महत्त्व वाढत गेले, कनिष्ठ मंडळी वर चढली आणि अण्णा आहे त्याच खुर्चीवर १९७३ साली निवृत्त झाले.

आमचा जन्म १९७० चा. आम्हांला कळू लागले तेव्हा ही दोन्ही माणसे वृद्धत्वाकडे झुकली होती. झरोक्याचा व्यवहार चालूच होता. तिकडून मासिक येई, इकडून झाकलेली वाटी जाई. भांडे रिकामे परत करू नये ही आपली रीत. म्हणून वाटी परत येताना तीत कधी खडीसाखर असे, कधी दोन पेरू, ऋतूत एखादे सीताफळ. या साऱ्यात शब्द जवळजवळ नसत. माई गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला नावाने किंवा नात्याने हाक मारीत. वकीलसाहेबांना 'वकीलभाई' म्हणत आणि भाऊबीजेला त्यांना ओवाळीतही. त्या दिवशी त्यांच्या दाराशी मानलेल्या भावांची रांग लागे. त्या रांगेत अण्णा कधीही नसत. माई त्यांना 'अण्णा' म्हणत नसत, 'भाऊजी' म्हणत नसत. त्यांचा उल्लेख करावयाचा तर म्हणत, "पलीकडे नेऊन दे", "पलीकडे विचार".

आणि येथे आम्हांला आमचा अपराध सांगितला पाहिजे. १९८१ च्या गणेशोत्सवात माईंच्या घरी आरतीला गल्ली जमली होती. आम्ही अकरा वर्षांचे, वर्गात पहिले येणारे, म्हणून जरा आगाऊ. प्रसाद वाटता वाटता माई म्हणाल्या, "हा पलीकडे देऊन ये." आम्ही सर्वांसमोर मोठ्याने विचारले, "माई, तुम्ही अण्णांचे नाव का घेत नाही? नाव तर आई बाबांचे घेत नाही!"

काही बायका हसल्या. मग कोणीच हसेना. माईंनी आमच्या हातातले ताट घेऊन खाली ठेवले आणि त्या आत गेल्या. त्यांचा थोरला मुलगा, नुकताच नोकरीत स्थिर झालेला, भिंतीशी उभा होता. चार दिवसांनी गवंडी आला. "झुरळे फार येतात पलीकडून," असे सांगून थोरल्याने झरोका विटांनी बुजवून घेतला. माई काही बोलल्या नाहीत. अण्णांनी आपल्या बाजूची लाकडी झडप तशीच राहू दिली. ती उघडली तर आत विटा दिसत.

आमच्या आईने आम्हांला रागावून मारले असते तर बरे झाले असते. तिने दुसरीच शिक्षा दिली. पुढच्या महिन्यात मासिक आले त्या दिवशी तिने आम्हांला अण्णांकडे पाठवले आणि सांगितले, "जे बंद पाडलेस ते काम आता तू करायचे." तेव्हापासून अकरा वर्षे त्या झरोक्याचे काम आम्ही केले. मासिक इकडे, वाटी तिकडे. मूळचे मासिक पुढे बंद झाले तेव्हा अण्णांनी दुसरे सुरू केले. आमची शाळा संपली, महाविद्यालय संपले, मराठीत एम.ए. झालो, आणि तरीही महिन्यातून दोनदा एका दारातून दुसऱ्या दारात जात राहिलो. त्या अकरा वर्षांत एकाही अंकात चिठ्ठी नव्हती. तरुणपणाच्या आचरट कुतूहलाने आम्ही ती शोधून पाहिली होती, हेही कबूल करतो.

एम.ए.च्या अभ्यासात आम्हांला काशीबाई कानिटकर भेटल्या. १८६१ साली जन्मलेल्या, नवव्या वर्षी लग्न झालेल्या, घरच्यांच्या नजरा चुकवून वाचायला शिकलेल्या आणि १८८९ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिणाऱ्या या बाईंचा हरि नारायण आपट्यांशी स्नेह होता. पती गोविंदराव आणि हरिभाऊ हे मित्र. लेखन, वाचन, सुधारणा यांच्या चर्चांत काशीबाई बरोबरीने बसत. ज्या समाजात परपुरुषासमोर बाईने उभे राहू नये अशी रीत होती, तेथे या स्नेहाविषयी कुजबुज झाल्यावाचून कशी राहणार? तरी तो टिकला. १९१९ मध्ये हरिभाऊ गेले. काशीबाई त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे, १९४८ पर्यंत, जगल्या आणि हरिभाऊंच्या पत्रांचा ठेवा त्यांनी जपला. त्या स्नेहाला नाव कोणते द्यावे यावर अभ्यासकांनी विचार केला आहे. पण त्यांच्यापाशी निदान पत्रे होती, पुस्तके होती, एकमेकांच्या लेखनावर बोलण्याची सोय होती. आमच्या गल्लीतल्या त्या दोघांपाशी एक मासिक आणि एक वाटी होती.

आपल्या भाषेत नात्यांच्या नावांना तोटा नाही. चुलतदीर, मावसनणंद, व्याही, साडू! रक्ताचे नाते नसेल तर मानलेला भाऊ, मानलेली बहीण करून घेण्याची सोयही आपण ठेवली आहे. ती सोय पुष्कळदा खरी असते. पुष्कळदा ती लोकांच्या डोळ्यांसाठी घातलेले पांघरूण असते. माईंनी ते पांघरूण घेतले नाही, हे आम्हांला आज विशेष वाटते. एका निरांजनाने साऱ्या गल्लीची तोंडे बंद झाली असती. परंतु जे नव्हते ते त्यांनी म्हटले नाही, आणि जे होते तेही म्हटले नाही.

१९९२ मध्ये धाकट्या मुलाने पुण्यात घर घेतले. थोरल्याची बदलीही तिकडेच झाली. घर विकायचे ठरले आणि माई निघाल्या. सामान रिक्षात चढले, गल्ली जमा झाली, बायकांनी ओट्या भरल्या. अण्णा आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत होते. पान उलटले गेले नाही, एवढे आम्ही पाहिले. माईंनी सर्वांचा निरोप घेतला आणि शेवटी आम्हांला जवळ बोलावून म्हणाल्या, "पलीकडे सांग, थंडीत ताक घेऊ नका म्हणावं. घेतलंच तर जिरं लावून."

बावन्न वर्षांच्या शेजाराचा हा निरोप. रिक्षा गेल्यावर आम्ही तो अण्णांना सांगितला. ते "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, "गाडी किती वाजता आहे?" आम्ही वेळ सांगितली. त्या रात्री गाडी सुटायच्या वेळी ते ओट्यावर उभे होते. नामपल्लीची शिटी काही मलकपेठेत ऐकू येत नाही.

१९९६ च्या हिवाळ्यात दम्याने अण्णा गेले. भाऊ आधीच वारले होते. पुतणे औरंगाबादहून येऊन कार्य उरकून गेले. जाताना म्हणाले, "सर, पुस्तकांचे काय ते तुम्हीच पाहा." आम्ही तेव्हा नुकतेच शिक्षक झालो होतो. लोखंडी पेटीत 'स्त्री'चे अंक वर्षावार बांधून ठेवलेले सापडले. पाककृतीच्या पानांवर हळदीच्या बोटांचे डाग होते, काही लेखांच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण होती. त्या खुणा माईंच्या. आणि काही खुणांच्या शेजारी, तेवढ्याच बारीक, दुसरी खूण होती. ती कोणाची हे सांगावयास नको. तळाशी एक कागद होता. १९५६ सालच्या अर्जाची प्रत; मुंबई राज्याकडे जाण्याची इच्छा नसल्याचे त्यात मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते. कारणाच्या जागी फक्त 'घरगुती' एवढाच शब्द होता. त्याच पेटीत १९९२ नंतरच्या चार मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. मासिकाची वर्गणी, पत्ता पुण्याचा.

म्हणजे माई गेल्यावरही अंक जातच होता. आता मात्र तो परत येत नव्हता.

अण्णा गेल्याचे आम्ही माईंना पोस्टकार्डाने कळवले होते. उलट टपाली उत्तर आले. अक्षर थरथरते, मजकूर चार ओळींचा. कार्ड पोचले, आईला नमस्कार, मागे कोणी नाही, तरी पलीकडे तेरा दिवस दिवा लावावा, तेलाचे पैसे वेगळे पाठवते आहे. दोन दिवसांनी खरेच अकरा रुपयांची मनीऑर्डर आली. तेल त्याहून कमी लागले असते, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. आम्ही तेरा दिवस दिवा लावला. कोठे लावावा हा प्रश्न पडला नाही. अण्णांच्या बाजूची झडप उघडली, विटांसमोर तेवढी जागा होतीच.

माई २००१ मध्ये पुण्यात गेल्या. पुढे दोन्ही घरे पाडून तेथे पाच मजली इमारत झाली. आता तेथे वीस बिऱ्हाडे आहेत आणि सर्वांची दारे बंद असतात. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आम्हीही अशाच एका बंद दाराआड राहतो.

हे प्रेम होते का, असे एका तरुण सहकाऱ्याने आम्हांला विचारले. आम्ही त्याचे उत्तर दिले नाही. एकदा, वयाच्या अकराव्या वर्षी, आम्ही त्या दोघांकडे नाव मागितले होते आणि त्यापायी एक झरोका बुजला. ती चूक पुन्हा करावी असे वाटत नाही. एवढे मात्र सांगता येते, की महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी 'हवा मानवली' म्हणून मागे राहिलेले असते. आपण त्यांना हट्टी म्हणतो, व्यवहारशून्य म्हणतो. त्यांच्या पेटीच्या तळाशी काय आहे, हे विचारू नये. पण ते काहीतरी आहे, एवढे धरून चालावे.

परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा मुसारामबागेला थांबली. धाकट्याने स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला होता, त्यामुळे तो खुशीत होता. त्याने खिडकीतून टेकडी दिसते का ते पाहिले. इमारतींच्या गर्दीत ती दिसली नाही. "सर, अजूनही तिथे कोणी दिवा लावतं का?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "रविवारी जाऊन पाहू."